सावरझरी, कंसात रद्द

परवा तहसीलमधून पोरगा आला.
म्हणाला, साहेब, रॅक सात रिकामा करायचा आहे,
तुम्ही एकदा पाहून घ्या, सही द्या.
एकतीस वर्षं निवडणूक शाखेत काढलेला माणूस मी.
वाळवीनंतर का होईना, मला विचारलं, हेच पुष्कळ.

सर्वांत खाली पहिली यादी, हातानं लिहिलेली.
अनुक्रमांक एकशे चौदा: डोमाची बायको.
एकशे पंधरा: डोमाची आई.
दोघींवर तांबडी रेघ.
शेरा: नाव सांगत नाही, वगळले.

एकीनं सांगितलं होतं.
ओसरीवर, सासऱ्यादेखत, पदर न सोडता:
लिहा जी, चिंधाबाई. पुढं काय लावायचं ते लावा.
कारकुनाच्या हातून दौत कलंडली.
तो कारकून माझा बाप.
डाग अजून आहे,
एकशे सोळाच्या अंगावर, जांभळासारखा.

मग पेट्या. डोंग्यातून वैनगंगेपार,
पुढं मोहाखालून बैलगाडी, पोलीस एक, कंदील एक,
आणि पेटीला मिठी मारून निजलेला कोतवाल वातू ठेंगरी.
आत दिल्ली आहे, असं कोणी तरी त्याला सांगितलेलं.
रात्री म्हणे त्यानं कान लावून पाहिला.

गाव म्हणाल तर मंगळवारच्या बाजाराचं.
दोन भातगिरण्या, एक बोडी, एसटीचा फाटा.
पण नकाशात सात तालुक्यांच्या पोटावर
तिरपं नाव लिहिलेलं: सावरझरी.
निकालाच्या रात्री रेडिओवर ते निघालं
की पानठेल्यावरची माणसं हात वर करून
एकमेकांना गप्प करायची.
बातम्या देणारा दरवेळी चुकीचंच म्हणायचा, सवारजारी.
त्याचाही अभिमान.

खासदार झाले ते झाले. त्यांच्या कोनशिला आहेत.
घाटावर पुलाची आहे, पूल नाही.
मला आठवतो तो दुधराम गुरनुले,
सहा वेळा अपक्ष, निशाणी बादली.
खरीच बादली घेऊन दारोदार फिरायचा.
लोक म्हणायचे मत देतो, आणि मूठभर तांदूळ टाकायचे.
तांदूळ तेवढे खरे निघाले.
चारशे बारा. तीनशे नव्वद. एकदा अकराशे सहा.
त्या साली डिपॉझिट गेल्याचं जेवण
त्यानं बोडीच्या पारीवर घातलं, गावभर.

सातव्यांदा फॉर्म न्यायला आला तेव्हा
आधी खुर्ची दिली, मग चहा, मग सांगितलं,
दुधरामभाऊ, सीट नाही राहिली.
राखीव झाली काय?
नाही जी. राहिलीच नाही.
बराच वेळ पंख्याकडे पाहत बसला.
मग म्हणाला, म्हणजे आता हरताही नाही येत.

राजपत्रात दीड ओळ होती.
नाल्याच्या अल्याडचे चार तालुके उत्तरेला,
पल्याडचे तीन दक्षिणेला.
सुगंधा मडावीचं वावर नेमकं मधोमध,
धान एका खासदाराचं, खळं दुसऱ्याचं.
मोजायला गेलो तर म्हणाली,
बांध तर माझाच आहे ना? मग बसा, घाटा प्या.

सही करताना पोराला विचारलं, गाव कोणतं?
सावरझरीच, साहेब.
म्हटलं, बाबू, तुझं गाव सात तालुक्यांएवढं होतं.
हाव काय? म्हणाला,
आणि गठ्ठा खांद्यावर टाकून निघाला.

हरकत नाही, असं लिहून दिलं मी, तारखेसकट.
रात्री मात्र डोमाच्या नातवाला फोन लावला.
तुझ्या आजीचं नाव काय रे?
दादाची बायको, ती आजी... असं काही तरी पुटपुटला.
विचारून सांगतो म्हणाला.
कोणाला विचारणार, ते नाही बोलला.